परतीचा रकाना

२९ एप्रिल, मंगळवार

टाचणवहीची शेवटची पानं दरवर्षी कोरी राहतात. यंदा त्यांत हे लिहिणार आहे. घरात बोलायला गेले की हे विचारतात, "भक्ती, बीपीची गोळी घेतलीस का?" मला राग आला की तो आजारच असतो, असं ह्यांचं मत आहे.

आज हायस्कूलमध्ये आदेश आला. युद्ध होणार अशी हवा आहे, म्हणून आमच्या किनाऱ्यावरून सुटणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रत्येक होडीची नोंद ठेवायची. कोणी? तर हायस्कूलच्या शिक्षकांनी, मे महिन्याच्या सुट्टीत. मतदारयाद्या आम्ही केल्या, शौचालयं आम्ही मोजली, आता समुद्र. मी बत्तीस वर्षं गणित शिकवते. राहते आतल्या कट्टा गावात. समुद्राशी माझा संबंध बाजारातल्या बांगड्याएवढा.

हेडसर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक हरिश्चंद्र सर, आदेश दोनदा वाचून म्हणाले, "देशाचा काम आसा, बाई. नाय म्हणाक येयत?"

"देशानं विचारलेला नाही, सर. वरच्या कार्यालयानं विचारलंय. आणि विचारलेलंही नाही, सांगितलंय."

हेडसरांनी मलाच समन्वयक नेमलं. जास्त बोलणाऱ्याला काम देऊन गप्प करायची त्यांची पद्धत आहे. आम्ही नऊ जण, एकेकाला एकेक दिवस. शिक्षणसेवक समर्थ सगळ्यांत लहान, म्हणून त्याची पाळी शेवटी.

१ मे, गुरुवार

झेंडावंदन आटोपून हेडसर पहिल्या पाळीला बसले. किनाऱ्यावर रापणीच्या, म्हणजे ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, शेडमध्ये शाळेचं टेबल, एक खुर्ची, एक रजिस्टर. होडीचा नंबर, मालक, खलाशी, गेल्याची वेळ, परतल्याची वेळ. चौदा होड्या. नियम असा की उजाडता सुटायचं आणि चारच्या आत परत यायचं. आणि ठीक चार वाजता पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा.

होड्या चारच्या आत येत नाहीत. मासळी, वारा, भरती बघून येतात, सहापर्यंत येत राहतात. हेडसरांनी चारला फोटो टाकला तेव्हा परतीच्या रकान्यात पाचच वेळा होत्या. दोन मिनिटांत ग्रुपवर वरून उत्तर आलं: "अपूर्ण माहिती पाठवू नये. हलगर्जीपणा खपवून घेतला जाणार नाही." सगळ्यांसमोर. पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाला. ज्यानं हे टाइप केलं तो आमच्याच हायस्कूलमधून नववीत दोनदा बसून गेलेला आहे. त्याच्या पेपरावरही मी हेच लिहीत असे, अपूर्ण.

हेडसरांनी उरलेल्या नऊ वेळा भरून दुसरा फोटो पाठवला. मग अंगठ्याची खूण आली.

३ मे, शनिवार

आज माझी पाळी. उन्हानं डोकं भणभणलं. घरी कोकमाचे रतांबे टोपलीत पडून आहेत, फोडायला वेळ नाही. सालं वाळली नाहीत तर वर्षभर आमटीत काय घालायचं, ते वरच्या कार्यालयाला विचारावं का?

पावणेचारला सहा होड्या आल्या होत्या. कट्ट्याची शेवटची गाडी सव्वापाचला. महादू तारी जाळं आवरत होता. त्याची बायको सुगंधा कट्ट्याच्या बाजारात बसते, मासे मी तिच्याकडूनच घेते.

मी म्हटलं, "महादू, बाकीचे कधी येणार?"

"त्येंका काय घड्याळ आसा? लिवून टाका, बाईनू. चारच्या आत लिवलास तर आमकांय कोण इचारूचो नाय." आणि हसला. "शाळेत पोर नसताना तुमी हजेरी लावीत नव्हतास?"

कधीतरी लावली असेन. पटसंख्या कमी भरली की तुकडी जाते, हे ह्या लोकांना काय सांगायचं.

मी पहिली होडी अडीच, दुसरी दोन पस्तीस, असं पाच-पाच मिनिटांनी भरत गेले. चौदावी तीन पस्तीसला आली. पान सुंदर दिसत होतं. घरी आल्यावर आमच्या शिक्षकांच्या वेगळ्या ग्रुपवर लिहिलं, वेळा अशाच भराव्यात, कुणाला बोलणी खावी लागणार नाहीत. हेडसर म्हणाले, "तुमी म्हणान झाला, बाई." आदेश आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

७ मे, बुधवार

पहाटेपासून टीव्ही चालू. आपण हल्ला केला. ह्यांनी चहा दोनदा गार केला.

दुपारी गावात हवाई हल्ल्यापासून बचावाचा सरावही झाला. भोंगा नाही, म्हणून शाळेची घंटा वाजवायची असं ठरलं. घंटा ऐकून जवळपासची वीसेक पोरं धावत आली आणि विचारू लागली, बाई, खाऊ आहे का? हल्ला झाला तर ह्यांना आम्ही कुठे नेणार? चार नंबरच्या खोलीचं छप्पर मागच्या पावसात गेलं ते अजून प्रस्तावात आहे. पण सरावाचे फोटो छान आले म्हणे.

९ मे, शुक्रवार

समर्थची पाळी. साडेतीनला त्याचा फोन. "बाई, पाचच होड्या आल्यात. नऊ रिकामे ठेवू काय? वारा जास्त आसा आज."

मी रतांबे फोडत होते, हात लाल. वैतागले. "समर्थ, आठ दिवस सगळे भरतायत. तू एकटा शहाणा? भरून टाक आणि फोटो पाठव. अपूर्ण म्हणून उलट आलं तर बोलणी मला."

"बरां, बाई."

चारला फोटो आला. पान नेटकं. अक्षर चांगलं आहे पोराचं. जूनमध्ये त्याची तीन वर्षं पुरी होतात, मग कायम होईल. मान्यतेच्या फाइलला जो अहवाल लागतो तो मीच लिहिला आहे, "सूचनांचे तंतोतंत पालन करतात."

साडेसातला पुन्हा फोन. महादूची होडी अजून आली नाही, सुगंधानं समर्थला फोन केला होता. मी म्हटलं, उशीर होतोच, येईल. आणि आता फोनाफोनी करत बसू नकोस, आपण तो तीन दहाला आला म्हणून लिहून दिलंय. त्यानं फोन ठेवला. हल्ली मुलांना जरा सांगितलं की राग येतो.

१० मे, शनिवार

महादू आला नाही.

समर्थचा फोन सहाला आला. पहिली गाडी पकडून किनाऱ्यावर गेले. सुगंधा टेबलाशेजारी वाळूत बसली होती. आजूबाजूला दहाबारा माणसं. काल संध्याकाळी तिनं नियंत्रण कक्षाला फोन केला, समर्थनंही केला. दोघांना एकच उत्तर मिळालं. रजिस्टरप्रमाणे होडी तीन दहाला परतलेली आहे, माणूस गावात शोधा. पोलिसांनी तिला विचारलं, घेतो का? भांडण झालं होतं का?

चार जण होड्या काढून शोधायला निघाले होते. त्यांना अडवलं. संध्याकाळनंतर बंदी, सकाळी परवानगीचं पत्र हवं, आणि पत्र मिळायला होडी बेपत्ता असावी लागते. ही होडी तर परतलेली.

माझं डोकं फिरलं. मी त्या शिपायाला म्हटलं, "होडी इथे दिसतेय का तुम्हाला? डोळे आहेत ना?" तो म्हणाला, "मॅडम, नोंद तुमचीच आहे."

तुमची म्हणजे शिक्षकांची. म्हणजे समर्थची. मी त्याला तिथेच सगळ्यांसमोर झापलं. माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय आला म्हणून लिहितोच कसा? सतरा-सतरा वर्षं शिकता, बीएड करता, आणि एक साधी नोंद? कोणी सांगितलं होतं का तुला, असं मी विचारलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कोणी नाय, बाई."

खोटं बोलतोय हे कळत होतं. कोणाला तरी वाचवतोय. हेडसरांना असणार.

अकराला पत्र मिळालं. होड्या गेल्या, संध्याकाळी रिकाम्या आल्या. मी कट्ट्याला उतरले तेव्हा बाजारात फटाके वाजत होते. युद्ध थांबलं होतं. लोक पेढे देत होते. सुगंधाच्या जागेवर कोणी नव्हतं, नुसतं पोतं पसरलेलं.

११ मे, रविवार

मिळाला. जिवंत आहे. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका ट्रॉलरला सकाळी दिसला. शुक्रवारी दुपारीच मशीन बंद पडलं होतं, वाऱ्यानं दक्षिणेकडे ओढत नेलं. दोन रात्री. पाणी शनिवारी सकाळीच संपलेलं. त्याला वर घेतलं, होडी दोरीनं मागे बांधली, पण ती आधीच फुटली होती. वाटेत बुडाली, दोरी कापावी लागली. जेटीला पोचला तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

मी देवापुढे साखर ठेवली. हे म्हणाले, "झालं ना आता? गोळी घे."

१३ मे, मंगळवार

झालं नाही.

दहावीचा निकाल लागला. आमचा शंभर टक्के. शाळेत पेढे वाटायचे ते तसेच राहिले, कारण दोनलाच सुगंधा आली. महादूला दवाखान्यातून सोडलं आणि तिथूनच पोलिसांनी नेलं. फौजदाराचं म्हणणं असं, रजिस्टरप्रमाणे तू शुक्रवारी तीन दहाला परत आलास. मग दोन रात्री समुद्रात होतास, म्हणजे संध्याकाळी बंदी मोडून, नोंद न करता पुन्हा गेलास. युद्ध चालू असताना. कशाला? कोणाला भेटायला? मोबाईल काढून घेतला आहे. रोज दहाला ठाण्यात जाऊन बसायचं, सहाला सुटायचं. परवाना जप्त.

सुगंधा स्टाफरूमच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "तो तीन वाजता खंय इल्लो, ता माका कोणीतरी सांगा. माझ्या घराक नाय इलो. दर्यावर कोणी बघूक नाय. मगे कोणाक दिसलो?"

नऊ जण बसलो होतो. हेडसर पेढ्यांच्या खोक्याची सुतळी सोडत होते, सोडतच राहिले. आकांक्षा बाई, ज्या हिंदी शिकवतात आणि एरवी कुणाला बोलू देत नाहीत, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सुगंधा थोडा वेळ थांबली आणि गेली.

ती गेल्यावर मी बोलले. आता तरी समर्थनं ठाण्यात जाऊन सांगायला हवं की नोंद चुकीची होती. एका माणसाला देशद्रोही ठरवायला निघालेत आणि हा गप्प. भित्रेपणा आहे हा. मी असते तर त्याच दिवशी गेले असते.

समर्थ उठून खोलीबाहेर गेला. बाकीचेही पांगले. पेढे तसेच.

१४ मे, बुधवार

हेडसर आज माझ्या घरी आले. इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा. ह्यांच्याशी हापूसच्या भावाबद्दल बोलले, कोकम सरबत प्यायले, आणि हे मागच्या दारी गेल्यावर म्हणाले, "बाई, त्या पोराक जास्त बोला नुको."

"का?"

"तो तुमकां वाचयता हा."

मी म्हटलं, मला? मला कशापासून?

"नऊ तारखेक साडेतीन वाजता तेना तुमकां फोन केल्लो. फोन करूच्या आधी माका इचारल्यान, रिकामे ठेवू काय सर? मी म्हटलंय, बाईंका इचार." हेडसरांनी ग्लास खाली ठेवला. "माझीय चूक आसा. पण तेना फौजदाराक काय सांगलला नाय, तुमचा नाव येयत म्हणान."

मला भयंकर राग आला. कोणी सांगितलं होतं त्याला मला वाचवायला? मी काय मागितलं होतं? हेडसर गेल्यावर मी ही वही उघडली. तीन तारखेचं पान वाचलं. मग नऊचं वाचलं. माझ्याच अक्षरात आहे. "भरून टाक." रतांब्याचा डागही आहे पानावर.

दहा तारखेला त्या पोराला मी वाळूत उभं करून, दहाबारा माणसांदेखत, कोणी सांगितलं असं विचारलं होतं.

पुढे लिहवत नाही.

१६ मे, शुक्रवार

दोन दिवस जबाब लिहीत होते. लिहिलं, फाडलं. पहिल्यांदा लिहिलं की वरच्या कार्यालयानं चारला फोटो मागून आम्हाला खोटं लिहायला भाग पाडलं. खरं आहे ते. पण वाचलं तर त्यात मी कुठे नव्हतेच. दुसऱ्यांदा लिहिलं की मी समर्थला सांगितलं. मग लक्षात आलं, फौजदार म्हणेल, त्या एका दिवसाचं सांगता आहात, पोराला वाचवायला. पुरावा काय?

रजिस्टर शाळेच्या कपाटात होतं. एक तारखेपासून नऊ तारखेपर्यंत नऊ पानं, नऊ हस्ताक्षरं. सलग वाचली. मी गणिताची आहे. हे मला तीन तारखेलाच दिसायला हवं होतं.

तीन तारखेपासून चौदा होड्या रजिस्टरातल्या क्रमानंच परतल्या आहेत. एक नंबरची पहिली, चौदा नंबरची शेवटची. दर पाच मिनिटांनी एक. रोज.

पहिल्या तारखेच्या पानावर तेवढ्या पाच वेळा वेड्यावाकड्या आहेत, हेडसरांनी खरोखर बघून लिहिलेल्या; बाकीच्या नऊ आणि दुसऱ्या तारखेच्याही अंदाजानं भरलेल्या. वरच्या कार्यालयानं नऊच्या नऊ पानं मान्य केली आहेत.

१७ मे, शनिवार

स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, सोमवारी ठाण्यात रजिस्टर घेऊन जाते आहे.

आकांक्षा बाई उसळल्या. "म्हणजे आमकां नवांकय बुडयतालात? तुमची दोन वर्षां उरली. माझी सोळा आसत. तुमका हिरोईन होवचा आसात तर एकट्या व्हा."

"एकटीचं पान दाखवलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही."

"मगे नुको ठेवूंदे. महादूक काय फाशी देतले? चार दिवस बसयतले आणि सोडतले."

मी काहीतरी वाईट बोलले त्यांना. इथे लिहीत नाही. त्यांनीही मला सांगितलं ते खरं होतं. तीन तारखेला ग्रुपवर तुम्हीच शिकवलंत, तेव्हा आम्हाला विचारलं नव्हतंत, आताही विचारत नाही.

समर्थ शेवटपर्यंत बसून होता. सगळे गेल्यावर म्हणाला, "बाई, माझा बोलू काय? तुमी गेलात तर तुमका समज देतले. माका काढतले. शिक्षणसेवकाक काढूक चौकशी लागणा नाय."

"मग जाऊ नको म्हणतोस?"

"तसा नाय म्हणनंय. बांद्याक घरी म्हातारी आसा, तिका काय सांगूचा तेवढा बघूक होया." मग म्हणाला, "तेका सोडवूकच होयो. पण तुमी माका न इचारता भरूक सांगलास, न इचारता वाचवूक चललास आणि न इचारता बुडवूक. एकदा तरी इचारा."

मी विचारलं. तो उठला, पिशवी खांद्याला लावली. "चला सोमवारी. मी येतंय."

त्याचे आभार मानावेत की काय हे कळेना. मानले नाहीत.

१९ मे, सोमवार

ठाण्यात अकरापासून बसलो. महादू बाकावर होता. ओठांवर खपल्या, नाकावरची कातडी निघालेली. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा समोरच्या भिंतीकडे.

फौजदार तरुण आहे, घाटावरचा, नम्र. माझा जबाब वाचून म्हणाला, "मॅडम, भावनेच्या भरात कोणाला वाचवायला जाऊ नका. हा माणूस युद्धाच्या काळात दोन रात्री समुद्रात होता. वरून विचारणा आहे."

मी रजिस्टर उघडून ठेवलं. नऊ पानं. बोट ठेवून दाखवत गेले. अडीच, दोन पस्तीस, दोन चाळीस. पुढचं पान. अडीच, दोन पस्तीस, दोन चाळीस. तिसऱ्या पानाला त्यानंच बोट फिरवायला घेतलं.

"समुद्रातून होड्या हजेरीपटाच्या क्रमानं येत नाहीत, साहेब. ही माहिती नाही, हे आमचं शुद्धलेखन आहे. हे पान माझं. आणि नऊ तारखेचं समर्थ सरांनी भरलं ते मी फोनवर सांगितलं म्हणून. महादू तारी तीन दहाला आला हे कोणीही बघितलेलं नाही."

"मग हे तेरा तारखेला का नाही सांगितलं? दहा तारखेला का नाही?"

"भीती वाटली." हे तोंडातून गेल्यावर मला कळलं की ते खरं आहे. इतके दिवस मी त्याला राग म्हणत होते.

"तुम्ही नऊ जणांवर खोट्या नोंदीची कारवाई होईल, कळतंय ना?"

"करा. आणि चारला फोटो मागणाऱ्याला पण बोलवा. एक तारखेला खरं पान पाठवलं होतं आम्ही. त्यावर आलेला मेसेज ग्रुपवर आहे."

फौजदारानं टाइप करणाऱ्याला बोलावलं. दोघांचे जबाब टाइप व्हायला तीन वाजले. मग त्यानं हवालदाराला हाक मारली आणि महादूला घरी जायला सांगितलं. आजपुरतं नाही, येऊच नको म्हणून. मोबाईल परत दिला. परवान्याचं कागदपत्र झाल्यावर, असं म्हणाला.

बाहेर आल्यावर मी महादूला हाक मारली. तो थांबला नाही.

२२ मे, गुरुवार

नऊ नोटिसा आल्या. वरच्या कार्यालयात कोणाला आली की नाही, विचारलं तर कळलं, तिथे त्या ग्रुपची जुनी माहिती "तांत्रिक कारणानं" निघून गेली आहे. हेडसरांनी मात्र एक तारखेच्या मेसेजचा फोटो काढून ठेवला होता. तेच स्वतः घेऊन गेले आज. आमचे हेडसर, ज्यांनी कधी वीजबिलाचीसुद्धा तक्रार केली नाही.

समर्थचं पत्र वेगळं आलं. सेवा समाप्त का करू नये. मी त्याच्या खुलाशासोबत माझं पत्र जोडलं. आकांक्षा बाई टेबलाशी आल्या, माझ्याकडे न बघता विचारलं, "तेच्यात मी पण लिवू काय? माझा पानय तसाच आसा." आणि सही करून गेल्या. माझ्याशी अजून बोलत नाहीत. आठ सह्या झाल्या. तरी समर्थची नोकरी टिकेल असं मला वाटत नाही. समर्थ बांद्याहून फोनवर म्हणाला, "तोंडवलीक एका रिसॉर्टात हिशेबाचो माणूस होयो आसा. बघून ठेवलंय." मी खूप बोलायचं ठरवलं होतं. "बरं," एवढंच म्हटलं.

२६ मे, सोमवार

हवालदार रजिस्टर घेऊन शाळेत आला. परवाना परत द्यायचा तर नऊ तारखेची नोंद दुरुस्त झालेली हवी, समन्वयकाच्या सहीनं. महादू बरोबर आला होता. पाठोपाठ सुगंधा, ह्या वेळी आत आली.

हेडसरांनी खुर्ची पुढे केली. महादू बसला नाही, टेबलाला हात टेकून उभा राहिला. हात अजून सोललेले.

मी तीन दहावर आडवी रेघ मारली. समोर शेऱ्याच्या जागेत लिहिलं: "नजरचुकीने होडी परतल्याची नोंद झाली होती." कार्यालयात असंच लिहितात. हात आपोआप चालतो.

"काय लिवलास? वाचा."

मी वाचलं.

"नजर चुकली?" महादू म्हणाला. आवाज चढवला नाही. "चुकाक नजर थयसर होती खंय, बाईनू? तुमी कट्ट्याक. सर कागदात. मी दोन रात्री दर्यात, माका वाटला, काळोख झालो, आता हे बघतले, आता येतले. माका काय म्हायत, कागदार मी घराक पोचलंय."

हवालदार म्हणाला, "अहो, लिहिण्याची पद्धत असते ती."

"ती पद्धत तुमची. होडी माझी."

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं: "होडी न पाहता परतल्याची नोंद केली. सूचना माझी." वाचून दाखवलं. महादूनं मान हलवली.

"पुढे?"

मी विचारून लिहिलं. ११ मे, सकाळी अकरा चाळीस, वेंगुर्ला जेटी. सही केली, तारीख घातली, रजिस्टर हवालदाराकडे सरकवलं.

सुगंधानं ते मधेच धरलं. तिला वाचता येतं. चौथीपर्यंत ह्याच गावच्या शाळेत होती. बोट ठेवत ती रकान्यापर्यंत आली. "ह्यो रकानो कोणाचो? माणसाचो काय होडयेचो?"

"होडीचा."

"मगे ह्या अकरा चाळीस पण खोटा. घो माझो इलो." तिनं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "होडी खंय इली?"

पेन परत उघडलं. वेळ खोडली. त्या छोट्या रकान्यात तीन शब्द मावत नव्हते, म्हणून बारीक अक्षरात लिहिले. परत आली नाही.